ध्वनिजाणीव

बोललेल्या शब्दाचा अर्थ बाजूला ठेवून त्यातले आवाज ओळखणे, सुटे करणे आणि पुन्हा जोडणे या क्षमतेला ध्वनिजाणीव म्हणतात. ‘गाडी’ आणि ‘साडी’ यांचे यमक जुळते हे कळणे तिचा सोपा भाग. ‘पान’मधला पहिला ध्वनी काढल्यावर ‘आन’ उरते हे सांगता येणे अवघड. लेखनाचा संबंध नसतानाही ती तपासता येते. तरीही मूल पुढे कसे वाचेल याचा अंदाज बांधताना संशोधक तिला मोठे महत्त्व देतात.

इझाबेल लिबरमन आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मुलांना शब्द ऐकवले आणि त्यात जितके तुकडे ऐकू येतील तितक्यांदा टेबलावर काठी ठोकायला सांगितले. चार वर्षांच्या जवळजवळ निम्म्या मुलांना उच्चारखंड, म्हणजे एका झटक्यात उच्चारले जाणारे शब्दाचे भाग, मोजता आले, पण सर्वांत लहान ध्वनी, म्हणजे स्वनिम, मोजणे एकालाही जमले नाही. पहिली संपवणाऱ्या मुलांत हे प्रमाण अनुक्रमे ९० आणि ७० टक्के होते. स्वनिम अवघड जातात याला कारण आहे. बोलताना ते एकमेकांत मिसळतात. ‘की’ म्हणताना ‘क्’ उच्चारतानाच जीभ ‘ई’च्या जागेकडे सरकलेली असते, त्यामुळे ध्वनिलहरीत दोघांमध्ये स्पष्ट सीमा सापडत नाही.

मग ही झेप वयाची की वाचनाची? जोझे मोराईश आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये पोर्तुगालमधल्या निरक्षर प्रौढांना शब्दाचा पहिला ध्वनी गाळायला किंवा नवा जोडायला सांगितले, तेव्हा बहुतेकांना ते साधले नाही. त्याच पार्श्वभूमीच्या, पण मोठेपणी वाचायला शिकलेल्या माणसांना ते बऱ्यापैकी जमले. म्हणजे स्वनिमांचे भान केवळ वय वाढल्याने येत नाही; लिपी ते घडवते. शाळेत येतानाच हे जमत नाही म्हणून मुलाला मंद ठरवणे अन्यायाचे आहे, आणि तो आजही होतो.

कार्यकारणभाव उलट दिशेनेही चालतो. लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आवाजांवरून शब्दांचे गट करण्यात मागे असलेल्या मुलांना दोन वर्षांत ४० सत्रे दिली. ज्यांना आवाजांसोबत प्लास्टिकची अक्षरेही हाताळायला मिळाली, ती वाचन-लेखनात सर्वांत पुढे गेली. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन मंडळाच्या २००० सालच्या अहवालातही अक्षरांसह दिलेले ध्वनिशिक्षण अधिक परिणामकारक ठरले, आणि त्यासाठी फार मोठा काळ लागत नाही असेही दिसले. अक्षरे दूर ठेवून महिनोन्‌महिने केवळ तोंडी सराव घेण्याला म्हणूनच फारसा आधार नाही.

हे बहुतेक संशोधन रोमन लिपीतल्या भाषांवर, त्यातही इंग्रजीवर, झाले आहे. देवनागरी किंवा कन्नडसारख्या लिपींत चिन्ह व्यंजन-स्वराच्या जोडीचे असते. सोनाली नाग यांच्या २००७ मधल्या कन्नड अभ्यासात उच्चारखंडांची जाण आधी आली, स्वनिमांची बरीच सावकाश. अक्षरे आत्मसात व्हायलाही पहिली दोन-तीन वर्षे पुरली नाहीत, कारण चिन्हांची संख्याच मोठी. मराठीत आणखी काही गुंते आहेत. ‘कमळ’ लिहिताना अक्षरे तीन, उच्चारताना खंड दोनच: क-मळ. ‘कि’मधली वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसते आणि नंतर ऐकू येते. जोडाक्षरे तर वेगळाच अभ्यास मागतात. इंग्रजीसाठी बनवलेली चाचणी शब्द बदलून इथे वापरली, तर ती नेमके काय मोजते हे सांगणे कठीण होते.

ध्वनिजाणीव म्हणजे वाचन नव्हे. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये वाचनाकलन हे शब्द उलगडणे आणि भाषा समजणे यांचा गुणाकार आहे असे मांडले. एक घटक शून्य असेल तर उत्तरही शून्य. ध्वनिजाणीव पहिल्या घटकाला बळ देते. दुसऱ्यासाठी शब्दसंग्रह, गोष्टी आणि मुलाशी होणारा भरपूर संवाद लागतो.