ज्ञान व्यवस्थापन

संस्थेतल्या माणसांना जे ठाऊक असते ते गरजेच्या वेळी इतरांच्या उपयोगी पडावे आणि माणूस सोडून गेला तरी मागे राहावे, यासाठी केलेली व्यवस्था म्हणजे ज्ञान व्यवस्थापन. १९९०च्या दशकात ही स्वतंत्र ज्ञानशाखा म्हणून पुढे आली. पुष्कळ संस्था एखादे सॉफ्टवेअर विकत घेतात, त्यात फायली भरतात आणि काम झाले असे मानतात. ते फार तर दप्तर सांभाळणे होय.

खरी अडचण ज्ञानाच्या स्वरूपात आहे. नियमावलीत, आराखड्यात उतरते ते व्यक्त ज्ञान. हाताच्या सवयीत, अंदाजात मुरलेले असते ते अव्यक्त. यंत्राच्या आवाजावरून बिघाड ओळखणाऱ्याला तो कसा ओळखला हे सांगता येईलच असे नाही. हा भेद रसायनशास्त्रज्ञ व पुढे तत्त्वज्ञ झालेले मायकेल पोलान्यी यांनी मांडला. इकुजिरो नोनाका व हिरोताका ताकेउची या जपानी व्यवस्थापनतज्ज्ञांनी १९९५ मध्ये त्यावर चार टप्प्यांचे चक्र उभे केले : सहवासातून शिकणे, ते शब्दांत मांडणे, मांडलेल्याची इतर माहितीशी सांगड घालणे आणि पुन्हा अंगवळणी पाडणे. पहिले दोन टप्पे सर्वांत अवघड, आणि नेमके तेच घाईत उरकले जातात.

झेरॉक्स कंपनीच्या दुरुस्ती तंत्रज्ञांचा मानववंशशास्त्रज्ञ जूलियन ऑर यांनी केलेला अभ्यास या बाबतीत बोलका आहे. पुस्तिकेत नसलेले बिघाड हे लोक एकमेकांना किस्से सांगत सोडवत. पुढे कंपनीने ‘युरेका’ ही प्रणाली उभारली. तंत्रज्ञाने सुचवलेली युक्ती जाणकार सहकारी तपासत आणि ती त्याच्या नावानिशी सर्वांना मिळे. बक्षिसाच्या पैशांपेक्षा तंत्रज्ञांना हे नाव मोलाचे वाटले.

ज्ञान हातचे गेले की काय होते, याचे उदाहरण अमेरिकेच्या अण्वस्त्र कार्यक्रमात सापडते. ‘फॉगबँक’ नावाच्या गोपनीय पदार्थाचे उत्पादन १९८९ मध्ये थांबले. २००० नंतर तो पुन्हा लागला, तेव्हा नोंदी तुटपुंज्या होत्या आणि जाणकार बहुतेक निवृत्त झालेले. नवा कारखाना उभा राहिला, तरी माल जमेना. बऱ्याच खटपटीनंतर उलगडा झाला : जुन्या कच्च्या मालातली एक अशुद्धी आवश्यक होती आणि नव्या प्रक्रियेत ती निघून जात होती. मूळ कारागिरांनाही हे ठाऊक नव्हते. म्हणजे त्यांना विचारून सारे लिहून घेतले असते, तरी हा दुवा निसटलाच असता.

उपाय तसे साधेच : कामगिरीनंतर लगेच बसून काय ठरले होते व काय घडले हे बोलणे, एकाच कामातल्या लोकांचे गट, निवृत्त होणाऱ्याच्या हाताखाली उत्तराधिकाऱ्याला पुरेसा काळ ठेवणे. यांतला शेवटचा खर्चिक, म्हणून बहुधा टाळला जातो. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या (आयएसओ) आयएसओ ९००१ या गुणवत्ता मानकाने २०१५च्या आवृत्तीत संस्थेचे ज्ञान टिकवण्याची अट घातली. ज्ञान व्यवस्थापनाचे स्वतंत्र मानक, आयएसओ ३०४०१, २०१८ मध्ये आले.