मधल्या हाउसिंगची भानगड

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ फिरला. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकं इंजिनाने फिरणाऱ्या, पिकअपची चेसी मागे वाढवून तिला आणखी एक ॲक्सल बसवलेला, सहाही चाकं फिरताहेत, गाडी वाळूची टेकडी चढतेय. खाली लिहिलं होतं, 'दीडपट ताकद!' त्यावर वागळे इस्टेटमध्ये माल पोचवणाऱ्या शेजाऱ्यांचं उत्तर, 'आमच्या टेम्पोला पण सहा चाकं आहेत, आम्ही कधी मिरवलं नाही.'

दोघंही चुकले. टेम्पोचे मागचे चार टायर जोडीजोडीने एकाच ॲक्सलवर असतात आणि गाडी ढकलतो तो एवढाच. 'दीडपट ताकद' ही तर शुद्ध थाप. इंजिन तेच, उलट वाढलेल्या गिअरांच्या घर्षणात थोडी ताकद वाटेतच जिरते. फायदा होतो तो पकडीचा. तेच वजन सहा जागी वाटलं गेलं की टायर कमी रुततात, आणि दोन चाकं निसरड्यावर असली तरी बाकीची जमीन धरून असतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने अडीच टनी जीएमसी ट्रक पाच लाखांहून जास्त बनवले, त्यातले बहुतेक सिक्स बाय सिक्स, म्हणजे सहाही जागी इंजिनाची ओढ. आपल्या लष्कराचा अशोक लेलँड सुपर स्टॅलियनही तसाच.

माझी नजर मात्र टेकडीवर नव्हती, मधल्या ॲक्सलवर होती. शेवटच्या ॲक्सलपर्यंत फिरणं पोचवायचं तर वाटेत याचं हाउसिंग, म्हणजे गिअर झाकणारं लोखंडी कवच, आडवं येतं. मग एक तर वरून किंवा बाजूने वेगळा शाफ्ट न्यायचा, नाहीतर हाउसिंगमधूनच आरपार काढायचा. हा दुसरा प्रकार मी कळंबोलीच्या एका गॅरेजात उघडा पाहिला. दहा टायरी ट्रकचं मधलं हाउसिंग होतं. क्राउनच्या, म्हणजे ॲक्सल फिरवणाऱ्या मोठ्या गिअरच्या, वरच्या अंगाने शाफ्ट मागे गेलेला, आणि त्याच्या तोंडाशी एका क्रॉसवर चार छोटे गिअर. मिस्त्रीने ते डिझेलमध्ये धुऊन माझ्या हातावर ठेवले. त्यातले दोन निळे पडले होते.

हे चार गिअर मुळात लागतातच कशाला? हिशेब करू. टायरचा व्यास ७५ सेंमी धरा. मधल्या ॲक्सलचे टायर नवे, शेवटच्याचे ३ मिमी झिजलेले. १ किमी जायला नवं चाक ४२४ फेरे घेईल, झिजलेलं जवळजवळ ४२८. क्राउन आणि त्याला फिरवणारा छोटा पिनियन यांचं प्रमाण ४:१ असेल, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे चार, तर शाफ्टांत १३-१४ फेऱ्यांचा फरक पडला, तोही सरळ रस्त्यावर. दोन्ही ॲक्सल एकमेकांना जखडलेले असतील तर हा फरक जाणार कुठे? वाळूत टायर जरासा घसरतो आणि तिथेच तो जिरतो. ठाणे-बेलापूर रोडवर कोरड्या दिवशी टायर सहजी घसरत नाही. शाफ्टला पीळ चढत जातो, टायर खरवडतात, शेवटी जॉइंटचा क्रॉस तुटतो. हायलक्स किंवा व्ही-क्रॉससारख्या पिकअपमध्ये म्हणूनच कोरड्या रस्त्यावर पुढचा ॲक्सल सोडवून ठेवायचा असतो. मागचे दोन कायमचे जोडलेले असले तर सोडवणार काय?

उपाय म्हणजे दोघांच्या मध्ये एक डिफरन्शियल. फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकरने १८२७ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी बसवलेली हीच युक्ती. बैलगाडीचं जू आठवा. मधोमध बांधलेलं असल्याने एक बैल पाऊलभर पुढे गेला तरी जू तिरपं होतं आणि ओढ दोघांवर सारखीच राहते. जू जेमतेम हातभर तिरपं होईल, गिअर मात्र गोल असल्याने कितीही फेरे 'तिरपे' होऊ शकतात. मधल्या ॲक्सलच्या शाफ्टचे फेरे न१, शेवटच्याच्या शाफ्टचे न२, आत येणारे न, तर न१ + न२ = २न. बेरीज पक्की, वाटणी मोकळी.

यातच खोट आहे. ओढ सारखी म्हणजे एका बैलाने अंग टाकलं की दुसऱ्याचा जोरही फुकट. शेवटची चाकं चिखलात गरगरली तर न१ शून्य, न२ दुप्पट, आणि ते चार छोटे गिअर स्वतःभोवती बेफाम फिरतात. तेल उडून जातं, धातू तापतो, निळा पडतो. "लॉक न टाकता रेस केली, दुसरं काय," मिस्त्री म्हणाला. लॉक टाकला की दोन्ही शाफ्ट एक होतात. रस्त्यावर आल्यावर तो काढायला विसरलात, की पुन्हा पीळ.

नव्या गाडीच्या चाकांखाली लिंबं चिरडणाऱ्यांना इथे दोन जास्त लागतील. गिअरांना त्याचा पत्ताही लागत नाही. आरटीओला मात्र वाढवलेल्या ॲक्सलचा लागतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ अशी परस्पर फेरफार करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते आणखी घट्ट केलं.

वळतानाच्या आडव्या घासण्यावर तर कुठलाच गिअर कामी येत नाही. मागचे दोन्ही ॲक्सल समांतर, दोघांनाही एकाच केंद्राभोवती वळायचंय. ते जमत नाही, म्हणून टायर आडवे घासतात. गॅरेजच्या फाटकापाशी सिमेंटवर काळे, कमानीसारखे पट्टे उमटले होते. जिथे ट्रक सगळ्यात आखूड वळतात, तिथे सगळ्यात गडद.