भूगोलाची पाच सूत्रं : ठाणे आणि नवी मुंबईच्या नकाशावर

भूगोलाची पाच सूत्रं म्हणजे कुठलीही जागा समजून घ्यायची असेल तर तिच्याबद्दल विचारायचे पाच प्रश्न. ती कुठे आहे, ती कशी आहे, तिथली माणसं आणि निसर्ग एकमेकांना कसं वळण लावतात, तिथे काय येतं आणि तिथून काय जातं, आणि ती कुठल्या मोठ्या पट्ट्यात मोडते. पुस्तकातली नावं अशी: स्थान, ठिकाण, मानव-पर्यावरण आंतरक्रिया, हालचाल आणि प्रदेश. इंग्रजी मीडियमची मुलं फाइव्ह थीम्स म्हणतात, तेच हे.

ही मांडणी अमेरिकेतली, 1984 सालची. तिथली भूगोल शिक्षणाची राष्ट्रीय परिषद आणि भूगोलतज्ञांची संघटना यांनी मिळून शाळांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात ही पाच सूत्रं आली, आणि मग नॅशनल जिऑग्राफिक सोसायटीने ती शिक्षकांपर्यंत पोचवली. त्याआधी 1964 मध्ये विल्यम पॅटिसन यांनी भूगोलाच्या चार परंपरा सांगितल्या होत्या, म्हणजे जागांमधलं अंतर-मांडणी बघणारी, एकेका प्रदेशाचा अभ्यास करणारी, माणूस-जमीन नातं बघणारी आणि पृथ्वीविज्ञानाची, त्यातलं बरंचसं या पाचात उतरलेलं दिसतं. उद्देश साधा होता, भूगोल म्हणजे राजधान्या, नद्या आणि पिकांचं पाठांतर नाही हे मुलांना कळावं. पण आपल्याकडे ही पाच सूत्रं पण पाच व्याख्या म्हणून पाठ केली जातात, प्रत्येकी दोन मार्क, आणि तिथेच खरी गंमत निघून जाते, कारण हे पाच प्रश्न सुटे नाहीतच, एकाचं उत्तर शोधायला गेलं की ते दुसऱ्यात सापडतं.

स्थानापासून सुरू करू. स्थान दोन प्रकारचं, निरपेक्ष आणि सापेक्ष. निरपेक्ष म्हणजे अक्षांश-रेखांश, ठाणे साधारण 19.2° उत्तर आणि 73° पूर्वेच्या किंचित अलीकडे. आकडे कोरडे वाटतात पण त्यातून रोजच्या गोष्टी निघतात. भारताची प्रमाणवेळ 82.5° पूर्व रेखावृत्तावरची, आपण तिच्यापासून साडेनऊ अंश पश्चिमेला, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपला सूर्य घड्याळाच्या साधारण 38 मिनिटं मागे, म्हणून खरी मध्यान्ह बाराला नाही तर साडेबाराच्या पुढेमागे होते. आणि कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, मेच्या मध्यावर आणि जुलैच्या शेवटी. मे महिन्यातला शून्य सावली दिवस गच्चीवर एक बाटली उभी ठेवून बघता येतो, जुलैतला ढगात जातो.

सापेक्ष स्थान म्हणजे बाकीच्या जागांच्या हिशोबात आपण कुठे. अक्षांश-रेखांश बदलत नाहीत, हे मात्र बदलत राहतं, आणि ठाण्याची अख्खी गोष्ट यातच आहे. साष्टी हे बेट, त्याच्या पूर्व काठावर ठाणे, समोर खाडी, आणि इथे ती खाडी अगदी अरुंद. बेटावर यायचं तर ओलांडायला ही सोयीची जागा, त्यामुळे जो येईल त्याला ठाणे हवंच होतं. पोर्तुगीजांकडून मराठ्यांनी ते 1737 मध्ये घेतलं, इंग्रजांनी 1774 मध्ये मराठ्यांकडून. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी 34 किलोमीटरवर ठाण्यातच थांबली कारण पुढे खाडी होती, आणि पूल बांधून झाल्यावर 1854 मध्ये गाडी कल्याणला गेली. 1916 ला पारसिकचा बोगदा झाला, मग फास्ट गाड्यांना मुंब्र्याचा वळसा राहिला नाही. ठाणे जागचं हललं नाही, पण टोकावरचं गाव होतं ते जंक्शन झालं. माझ्या मते पाचही सूत्रांत सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा तो यालाच, आणि शाळेत नेमकं हेच दोन ओळीत उरकतात.

ठिकाण या सूत्राबद्दल फार लांबण लावायची गरज नाही. जागेची नैसर्गिक आणि मानवी ओळख, एवढंच. ठाण्याच्या बाबतीत एका बाजूला येऊरचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी, मधे मासुंदा, उपवन असे तलाव ही नैसर्गिक बाजू, आणि मासुंद्याच्या काठचं कोपिनेश्वर मंदिर, गडकरी रंगायतन, नौपाड्यातल्या जुन्या सोसायट्या ही मानवी. नवी मुंबईत सेक्टरचे नंबर, रुंद रस्ते आणि सिडकोच्या (नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी) एकसारख्या इमारती, आणि त्यांच्या मधोमध आगरी-कोळ्यांची जुनी गावठाणं जिथे दोन घरांमधून बाइक जेमतेम जाते. वाशी सेक्टर आणि वाशीगाव नकाशावर शेजारी आहेत पण ठिकाण म्हणून दोन वेगळी.

मानव-पर्यावरण आंतरक्रियेचे तीन भाग सांगतात, माणूस निसर्गावर अवलंबून असतो, त्याच्याशी जुळवून घेतो आणि त्याला बदलतो. नवी मुंबईत हे तिन्ही एकाच जागी बघायचे असतील तर धारण तलावापाशी जावं, ज्याला इथले लोक होल्डिंग पाँड म्हणतात. वाशी, सानपाडा, नेरूळ, बेलापूरचा बराच भाग खाडीकाठच्या खोलगट जमिनीवर भराव टाकून केलेला आहे आणि त्यातले काही भाग मोठ्या भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहेत. म्हणून पावसाचं पाणी नाल्यांतून आधी तलावात आणतात आणि तलावाच्या खाडीकडच्या तोंडाला झडपा बसवलेल्या असतात. भरती आली की खाडीचं पाणी बाहेरून दाबतं आणि झडप आपोआप मिटते, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या जोराने उघडते आणि तलाव रिकामा होतो. मोटार नाही, वीज नाही, नुसता पाण्याचा दाब. अडचण तेव्हा येते जेव्हा मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी गाठतात, तेव्हा झडप बंद आणि वरून पाणी चालूच, मग ते सगळं तलावाने पोटात घ्यायचं असतं, आणि तलावात गाळ साचलेला असेल तर पाणी रस्त्यावर येतं. गाळ काढावा म्हटलं तर त्यावर खारफुटी उगवलेली, आणि खारफुटी तोडायला कोर्टाची बंदी आहे, मुंबई हायकोर्टाने 2005 मध्ये आणि मग 2018 मध्ये याबद्दल स्पष्ट आदेश दिलेत. ती बंदी योग्यच आहे, खाडीचा काठ खारफुटीनेच धरून ठेवलाय, 2022 मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा मान, मिळाला तो अशाच पाणथळ परिसंस्थेमुळे. दोन्ही गोष्टी बरोबर असून एकमेकींच्या आड येतात, आणि आंतरक्रिया शिकवायची तर हे उदाहरण घ्यावं.

यात अजून एक गोष्ट आहे जी मला फार मोलाची वाटते. सिडको यायच्या कितीतरी आधीपासून इथले आगरी शेतकरी खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, बांध घालून भातशेती करायचे, आणि त्या बांधाला लाकडी दाराची उघाडी ठेवायचे, भरतीला बंद, ओहोटीला उघडी, खारं पाणी बाहेर आणि पावसाचं पाणी खाडीत. धारण तलावाच्या झडपेचं तत्त्व हेच.

हालचाल म्हणजे माणसं, माल आणि विचार यांचं येणं-जाणं. ठाण्याच्या नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून सकाळी ऐरोली, रबाळे, घणसोलीकडे जाणारी गर्दी हे त्याचं डोळ्यासमोरचं रूप, 2004 मध्ये ट्रान्स-हार्बर लाइन सुरू झाल्यावरच ती गर्दी शक्य झाली. पण यापेक्षा चांगलं उदाहरण एपीएमसीचं, म्हणजे वाशीच्या कृषी बाजार समितीचं. मुंबईतली घाऊक बाजारपेठ टप्प्याटप्प्याने इकडे हलवली, कांदा-बटाटा, भाजी, फळं, मसाला, धान्य, सगळी मार्केटं. जुन्नर, नारायणगाव, नाशिककडून रात्री भाजीच्या गाड्या येतात, पहाटे गाळ्यांवर आवक लागते, सकाळपर्यंत तीच मेथी आपल्या दारच्या भाजीवाल्याकडे. आणि बाजार हलला तसे माथाडीही हलले, सातारा-जुन्नरकडून मुंबईला आलेली ही माणसं कोपरखैरणे, घणसोलीत राहायला आली आणि त्यांच्यामुळे त्या नोडचा, म्हणजे सिडकोने आखलेल्या त्या उपनगराचा, चेहराच बदलला. म्हणजे हालचालीने ठिकाण घडवलं.

प्रदेश हे सूत्र शेवटी येतं म्हणून घाईत संपवतात, खरं तर सगळ्यात अवघड तेच. प्रदेश म्हणजे काहीतरी समान धागा असलेला पट्टा, आणि तो धागा कुठला धरायचा यावर प्रदेशाची हद्द ठरते. औपचारिक प्रदेश, ज्याची रेषा कागदावर आहे, जसा ठाणे जिल्हा, तोही कायमचा नाही, 1 ऑगस्ट 2014 ला त्यातून पालघर वेगळा झाला. कार्यात्मक प्रदेश एखाद्या केंद्राभोवती कामाने बांधलेला असतो. मुंबईचं पाणी बघा, तानसा आणि भातसा ही धरणं शहापूर तालुक्यात, म्हणजे पाण्याच्या हिशोबाने शहापूर मुंबईच्या प्रदेशात, पण त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, तेव्हा प्रदेशात असणं आणि प्रदेशाचा फायदा मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लक्षात ठेवावं. तिसरा लोकांच्या मनातला प्रदेश. नवी मुंबई कुठे संपते हे विचारून बघा. सिडकोची स्थापना 1970 ची, तिच्या योजनेतली नवी मुंबई 344 चौरस किलोमीटरची, ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतली 95 गावं धरून. नवी मुंबई महापालिका मात्र ठाणे जिल्ह्यातल्या भागापुरतीच. खारघर, कामोठे, कळंबोली 2016 पासून पनवेल महापालिकेत, रायगड जिल्ह्यात, गाडीचा नंबर एमएच 46, वाशीचा एमएच 43. तरी खारघरचा माणूस पत्ता सांगताना नवी मुंबईच म्हणतो, आणि त्याचं चूक नाही, त्याच्या मनातला प्रदेश तोच आहे.

या मांडणीवर आक्षेपही आहेत. एक म्हणजे काळ यात कुठेच सरळ येत नाही, तो आपण वरून आणावा लागतो, जसा ठाण्याच्या बाबतीत आणला. दुसरा जास्त गंभीर. जमीन कोणाची होती, निर्णय कोणी घेतला, हे या पाच प्रश्नांत विचारलंच जात नाही. ज्या वर्षी अमेरिकेत ही सूत्रं छापली गेली त्याच 1984 च्या जानेवारीत उरण तालुक्यात सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले होते आणि पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं धोरण त्या लढ्यातून आलं. नवी मुंबईचा भूगोल शिकवताना हे गाळलं तर स्थान, ठिकाण, प्रदेश सगळं बरोबर सांगूनही अर्धंच सांगितलं असं होतं.

अमेरिकेत 1994 मध्ये या पाच सूत्रांच्या जागी 18 राष्ट्रीय मानकं आली, सहा गटांत मांडलेली, त्यात जगाकडे जागेच्या नजरेने बघणं, निसर्गातल्या प्रक्रिया, मानवी व्यवस्था आणि भूगोलाचा प्रत्यक्ष वापर यांना वेगळी जागा मिळाली. माणसं जमिनीच्या ताब्यासाठी कशी झगडतात आणि कशी एकत्र येतात हेही त्या मानकांत एक स्वतंत्र मानक म्हणून आलं. वर्गात मात्र पाच सूत्रंच जास्त चालतात कारण ती लक्षात राहतात आणि कुठल्याही जागेला लावता येतात. उलव्याजवळच्या विमानतळाला लावली तर नदीचा प्रवाह वळवला, टेकडी उतरवली, 10 गावं उठवली हे आंतरक्रियेत येतं, अटल सेतू हालचालीत, आणि विमानतळाला दि. बा. पाटलांचं नाव मिळावं म्हणून भूमिपुत्रांनी केलेली आंदोलनं कशात घालायची, यावर आठवी-नववीच्या मुलांना बोलतं करता येतं.