कोळसा खाण येण्याआधी सामूहिक वनसंपत्तीचा दावा : पात्रता, कागदपत्रे, टप्पे

गावच्या जंगलाखाली कोळसा असेल, तर या अर्जात सगळ्यात जास्त वजन तारखेला आहे. छत्तीसगडच्या हसदेव अरण्यातल्या घाटबर्रा गावाला २०१३ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले आणि जानेवारी २०१६ मध्ये ते रद्दही झाले. खाणीसाठी वनजमीन २०१२ मध्येच वळती झाली होती, म्हणजे जंगलाऐवजी खाणीच्या वापराला दिली गेली होती, हे कारण पुढे केले गेले. त्यामुळे मोजणीवाले गावात येईपर्यंत थांबू नका.

अर्ज वनहक्क कायदा, २००६ खाली करायचा. नमुने तीन आहेत : पहिला वैयक्तिक जमिनीचा, दुसरा चराई, मासेमारी, गौण वनोपज अशा सामूहिक हक्कांचा. जंगल राखण्याचा आणि त्याचे व्यवस्थापन करण्याचा अधिकार हवा असेल तर तिसरा भरा. नमुने मोफत मिळतात.

अर्जदार ग्रामसभा असते. सगळे गाव आदिवासी असावे लागते, हा गैरसमज फार पसरला आहे. अनुसूचित जमातीची किंवा इतर पारंपरिक वननिवासी (आदिवासी नसलेली, पण पिढ्यान्‌पिढ्या जंगलावर जगणारी) अशी थोडी कुटुंबे असली तरी दावा करता येतो. सदस्यांची यादी मात्र जोडावी लागते.

ग्रामसभा १० ते १५ जणांची वनहक्क समिती निवडते. त्यात एक तृतीयांश महिला हव्यात. ठरावाच्या सभेला निम्मे सदस्य हजर हवेत. इथली हजेरीवही कच्ची राहिली की पुढे सगळे अडते.

पुरावे किमान दोन. निस्तार पत्रक (गावाच्या जंगल वापराच्या रूढ हक्कांची सरकारी नोंद), गॅझेटियर, वनविभागाचा कार्य आराखडा चालतो. तेंदू-मोह गोळा करण्याच्या जागा, पाणवठे, देवराई, स्मशान हेही पुरावेच आहेत, आणि वृद्धांचे लेखी जबाबसुद्धा. उपग्रह छायाचित्र हवेच, असे कुणी म्हणाले तर नियम दाखवा : ते पूरक आहे, इतर पुराव्यांची जागा घेत नाही. नकाशावर सीमा, माहीत असल्यास कक्ष क्रमांक (वनविभागाने जंगलाच्या तुकड्याला दिलेला), आणि लगतच्या गावांची नावे लिहा. शेजारच्या गावाशी हद्दीचे आधीच बोलून घ्या. खरा वेळ तिथेच जातो.

हा खटाटोप पैशाच्या दृष्टीनेही मोलाचा आहे. जंगल प्रकल्पाला दिले की त्याचे निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे गमावलेल्या जंगलाच्या फायद्यांची प्रकल्पाने भरायची किंमत, भरपाई वनीकरणाच्या निधीत जाते, गावाला मिळत नाही. उलट गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर हक्क मिळवला आणि २०११ पासून ग्रामसभा स्वतःच्या वाहतूक पासावर (वनोपज बाहेर नेण्याच्या परवान्यावर) बांबू विकू लागली.

स्थळ पडताळणीला वन आणि महसूल अधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि पोच घ्या. ठराव उपविभागस्तरीय समितीकडे आणि तिथून जिल्हास्तरीय समितीकडे जातो. अंतिम निर्णय तिचा. उपविभागाच्या निर्णयाविरुद्ध ६० दिवसांत दाद मागता येते. हक्कपत्र हाती आले की त्यावरचे क्षेत्र आणि सीमा आपल्या नकाशाशी ताडून पाहा, मगच सही करा.