फॉल्स सीलिंगमधले लाईट सारखे का जातात?

नागपूरला भावाचा टॉप फ्लोअरचा फ्लॅट आहे. हॉलला पीओपी करून 12 एलईडी डाऊनलाईट बसवले, दोन वर्षांत 4 गेले आणि चारही नैऋत्येच्या कोपऱ्यातले. घरी आलेल्या एका पाहुण्यांनी लगेच वास्तुदोष काढला, शांती करा म्हणाले. मी स्टुलावर चढून एक लाईट खाली ओढला आणि त्याचा ड्रायव्हर (घरातली वीज एलईडीला चालेल अशी करून देणारी छोटी डबी) उघडला. आतल्या वीज साठवणाऱ्या कॅपॅसिटरचं चपटं डोकं पुरीसारखं फुगलेलं आणि बुडाशी चॉकलेटी चिकट डाग. दोष इथे होता.

एलईडी गरम होत नाही असं सगळेच सांगतात, पण ते अर्धंच खरंय. जुन्या 60 वॅटच्या बल्बची तार साधारण 2500 अंशांपर्यंत तापायची आणि बहुतेक ऊर्जा इन्फ्रारेड होऊन बाहेर पडायची, म्हणून खाली हात धरला की ऊब लागायची. एलईडीला उष्णता अशी फेकता येत नाही. 12 वॅटच्या लाईटमधले 4-5 वॅट प्रकाश होतात, बाकीचे नखाएवढ्या चिपमध्येच उष्णता होऊन बसतात आणि तिथून ॲल्युमिनियमच्या हीटसिंकमधून वरच्या हवेत जातात. आता ती वरची हवा कुठली, तर पीओपी आणि स्लॅबच्या मधली चार-पाच इंचांची कोंडलेली हवा, आणि मे महिन्यात दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळी, नेमके लाईट लावायच्या वेळी, आत उष्णता सोडत असतो. भावाच्या बाकी हॉलवर गच्चीतल्या टाक्यांची सावली पडते, त्या कोपऱ्यावर मात्र दुपारभर ऊन.

यात आधी मरतो तो कॅपॅसिटर. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 100 वेळा व्होल्टेज शून्यावर येतं, ते खड्डे भरायचं काम त्याचं. त्याच्या आत द्रव असतो आणि तो उष्णतेने हळूहळू सुकतो. ढोबळ नियम असा की तापमान 10 अंशांनी कमी झालं की आयुष्य दुप्पट. म्हणजे 105 अंशांना 5,000 तास टिकणारा कॅपॅसिटर 85 ला 20,000 तास आणि 65 ला 80,000 तास! खोक्यावर छापलेले 50,000 तास बहुतेक वेळा चिपचे असतात, ड्रायव्हरचे नाही, आणि हे दुकानात कोणी सांगत नाही याचा मला खरंच राग येतो. लाईट लुकलुकायला लागला की समजा द्रव संपत आलाय.

म्हणून ड्रायव्हर वेगळा असलेलाच लाईट घ्या, म्हणजे गेला तर तेवढाच बदलता येतो. हातात धरून वजन बघा, जाड ॲल्युमिनियमचा लाईट जड लागतो. बसवताना ड्रायव्हर लाईटच्या डोक्यावर ठेवू देऊ नका, वायर पुरेल तेवढा बाजूला सरकवायला सांगा. प्रकाशाचा रंग हॉलला 3000 किंवा 4000 केल्विनचा बरा वाटतो, ते आवडीवर आहे. पण पीओपीवाला फ्रेम मारायच्या आधी लाईटची उंची मोजून त्याच्यावर दोनेक इंच मोकळे सुटतायत ना ते बघा, कारण एकदा सीलिंग झालं की ती जागा वाढवता येत नाही.