हॉप्स: बिअरच्या पलीकडची वेल

हॉप्स म्हटलं की बिअर आठवते आणि या वेलीची ओळख तिथेच संपते. तिच्या कोवळ्या कोंबांची भाजी होते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

ह्युम्युलस ल्युप्युलस ही भांगेच्या कुळातली वेल. थंडीत वरचा सगळा पसारा वाळून जातो, पण जमिनीखालचं खोड वर्षानुवर्षं टिकतं आणि वसंतात त्यातून कोंबांचा नुसता गुच्छ फुटतो. एका दोरीवर तीन-चार कोंब चढवायचे, बाकीचे खुडायचे. नाहीतर वेलीचा जोर विभागला जातो. ही खुडणी म्हणजेच भाजी! उकळत्या पाण्यातून काढून लोण्यावर परतलेले कोंब अ‍ॅस्परॅगसची आठवण करून देतात. बेल्जियममध्ये पोपरिंगेच्या परिसरात ते मातीखाली पांढरे असतानाच हातानं एकेक वेचतात, म्हणून भलतेच महाग पडतात. घरच्या वेलीचे हिरवे कोंबही चालतात, फक्त निबर होण्याआधी खुडावेत.

या वेलीला तणावे नसतात. खोडावरच्या आकड्यांसारख्या ताठ केसांनी आधार पकडत, वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं, ती पीळ घेत चढते. भर हंगामात दिवसाला 30 सेंटीमीटरपर्यंत वाढू शकते आणि सहज 6 मीटर उंची गाठते. ते केस कातडी ओरबाडतात, काहींना पुरळही येतं; तेव्हा पूर्ण बाह्यांचा सदरा घालूनच तिच्या वाटेला जावं.

नर आणि मादी वेली वेगळ्या. शंकूसारखे घोस येतात ते मादीला, म्हणून बी पेरण्याऐवजी मादी वेलीच्या खोडाचा तुकडा लावतात. पिकलेला शंकू दाबला की कागदासारखा कुरकुरतो. तो उभा फाडला की पापुद्र्यांच्या बुडाशी पिवळीधमक, चिकट पूड दिसते. हे परागकण नव्हेत, राळेच्या सूक्ष्म ग्रंथी आहेत: ल्युप्युलिन. हॉप्सची सगळी किंमत या चिमूटभर पुडीत आहे.

तिच्यातली कडू आम्लं अनेक जिवाणूंच्या पेशीपटलाचं काम बिघडवतात, यीस्टला मात्र फारशी बाधत नाहीत. बिअर टिकते ती यामुळेही. हॉप्समुळे पेय नासत नाही, हे बाराव्या शतकात बिंगेनच्या हिल्डेगार्ड या जर्मन मठप्रमुख विदुषीनं नोंदवून ठेवलं होतं. आज मधमाश्यांवरच्या व्हरोआ गोचिडीविरुद्धही या कडू आम्लांपैकी बीटा गटातली आम्लं वापरतात.

दुसऱ्या, अल्फा गटातली आम्लं पाण्यात जेमतेम विरघळतात. उकळत ठेवली की त्यांच्या रेणूची रचना बदलते, ती जास्त विरघळतात आणि खरा कडूपणा उतरतो. सुगंधी तेलं मात्र तेवढ्या वेळात उडून जातात. त्यामुळे काढा करायचा असेल तर शंकू गरम पाण्यात पाचेक मिनिटंच ठेवावेत. हॉप्सनं झोप लागते असं पूर्वापार मानतात, उशांतही ते भरतात. पण माणसांवरचे पुरावे तोकडे आहेत आणि बऱ्याच प्रयोगांत सोबत व्हॅलेरियन ही झोपेसाठी वापरली जाणारी दुसरी वनस्पतीही होती. गरोदरपणात किंवा झोपेची औषधं चालू असताना हा प्रयोग नको.

लावण्याआधी दिवसाची लांबी पाहावी. उन्हाळ्यातले मोठे दिवस मिळाले तर वेल उंच जाते, दिवस लहान होऊ लागले की फुलते. म्हणूनच हॉप्सची बहुतेक शेती 35 ते 55 अंश अक्षांशांदरम्यान आहे. विषुववृत्ताजवळ वेल उंच होण्याआधीच फुलते आणि शंकू थोडेच लागतात. कृत्रिम प्रकाशानं दिवस लांबवणं हा त्यावरचा खर्चिक उपाय.

घरात कुत्रा असेल तर गळलेले आणि वापरून झालेले शंकू उघड्यावर टाकू नयेत. ते खाऊन कुत्र्याच्या अंगाचं तापमान जिवावर बेतेल इतकं चढू शकतं.