संदर्भ सॉफ्टवेअरमधल्या नोट्स आणि फाइली

झोटेरो, मेंडेली, एंडनोट, जॅबरेफ असल्या सॉफ्टवेअरमध्ये लेखक, साल, प्रकाशक वगैरे भरलं की संदर्भसूची आपोआप तयार होते हे बहुतेकांना माहीत असतं, पण त्याच नोंदीच्या पोटात त्या लेखाची पीडीएफ, पुस्तकाच्या पानांचे फोटो आणि वाचताना काढलेली टिपणंही ठेवता येतात, हे मात्र पीएचडीची दोन वर्षं उलटल्यावर कुणीतरी सांगतं. तोपर्यंत डाउनलोड फोल्डरचा उकिरडा झालेला असतो.

समजा कुणी नवी मुंबईच्या साडेबारा टक्के योजनेवर (जमीन गेलेल्यांना तिचा साडेबारा टक्के भाग विकसित करून परत द्यायची योजना) काम करतंय. नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७० ची, म्हणजे कागद पन्नास वर्षांचे. शासन निर्णय उतरवला की फाइलचं नाव म्हणजे नुसता लांबलचक आकडा, उघडल्याशिवाय कळत नाही आत काय आहे. शोधगंगेवरचा (भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचं ऑनलाइन भांडार) प्रबंध घ्यावा तर प्रत्येक प्रकरणाची वेगळी पीडीएफ. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरचं स्कॅन अगडबंब, आणि ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात (१८९३ पासूनचं आहे ते) बसून मोबाइलवर काढलेले पानांचे फोटो वेगळेच. सॉफ्टवेअरमध्ये प्रबंधाची नोंद एकच करायची आणि सगळी प्रकरणं तिच्याखाली टांगायची, फोटोही त्या त्या पुस्तकाखाली, मग फाइलचं नाव काहीही असो, सापडते ती नोंदीवरून.

नोट दोन प्रकारची असते, एक नोंदीखालची आणि एक सुटी. सुटीत प्रकरणाचा आराखडा, गाइडने सांगितलेल्या दुरुस्त्या असलं काहीही. नोंदीखालची मात्र त्या पुस्तकापुरतीच ठेवावी. झोटेरो २००६ साली अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातून आलं, फुकट आणि ओपन सोर्स, आणि २०२२ च्या सहाव्या आवृत्तीपासून त्यात पीडीएफ वाचायची सोय आतच आहे. वाचताना ओळी रंगवायच्या, मग एका क्लिकवर त्या सगळ्या ओळींची नोट बनते, प्रत्येक ओळीपुढे पान क्रमांक, आणि त्यावर क्लिक केलं की थेट त्या पानावर. पण हे रंगवलेलं पीडीएफमध्ये नसतं, झोटेरोच्या डेटाबेसमध्ये असतं, त्यामुळे फोल्डरमधली फाइल तशीच उचलून गाइडला व्हॉट्सॅपवर टाकली तर तिकडे कोरी दिसते. पाठवताना खुणांसकट एक्स्पोर्ट करावी लागते.

मराठीत काम करणाऱ्यांना नोटची गरज इंग्रजीवाल्यांपेक्षा जास्त आहे असं माझं मत. सॉफ्टवेअर पीडीएफमधला मजकूर शोधून देतं खरं, पण आपल्याकडची जुनी पीडीएफ एकतर नुसतं स्कॅन असते नाहीतर युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमधली, त्यातलं वाक्य कॉपी केलं की भलतीच अक्षरं येतात, मग शोधणार काय? स्कॅनमध्ये ओळ रंगवताही येत नाही, चौकट आखून त्या भागाचं चित्र तेवढं नोटमध्ये घेता येतं. म्हणून चित्राखाली दोन ओळी युनिकोडमध्ये टाइप करायच्या, गावाचं नाव, साल, पान. सहा महिन्यांनी 'घणसोली' शोधलं तर हाती लागणार त्या या दोन ओळीच.

नोटमध्ये लेखकाचे शब्द अवतरणचिन्हात आणि आपले बाहेर, एवढं पथ्य पाळावंच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या वाङ्मयचौर्याबद्दलच्या नियमांत दुसऱ्याच्या लेखनाशी दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, पण आपलं वाक्य कुठलं आणि उचललेलं कुठलं हे आपल्यालाच कळेनासं झालं की सगळाच घोळ.

जागेचं गणित वेगळं आहे. झोटेरोत नोंदी आणि नोट्स कितीही असल्या तरी सिंक (त्यांच्या सर्व्हरवर प्रत ठेवून सगळ्या मशीनवर सारखं ठेवणं) फुकट, ३०० एमबीची मर्यादा फक्त फाइलींना. स्कॅन केलेली दोनचार जाडजूड पुस्तकं टाकली की ती भरते. मग पैसे भरा, किंवा वेबडॅव्ह (फाइली ठेवायची दुसऱ्या कुणाची ऑनलाइन जागा) जोडा, किंवा फाइल आपल्याच ड्राइव्हवर ठेवून नोंदीला नुसती लिंक द्या. लिंकवाल्या फाइली ग्रुप लायब्ररीत, म्हणजे अनेकांच्या सामायिक संग्रहात, मात्र चालत नाहीत, म्हणजे ऐरोलीतला एक आणि पनवेलमधली दुसरी असे दोघं मिळून काम करत असतील तर फाइल रीतसर आत टाकावीच लागते.

एंडनोटमध्ये लायब्ररीची फाइल एक आणि शेजारी डेटा नावाचं फोल्डर, पेन ड्राइव्हवर नुसती पहिली नेली तर पीडीएफ घरीच राहतात. मेंडेली २०१३ पासून एल्सेविअरकडे आहे, फुकटात २ जीबी देतं. जॅबरेफच्या नोंदी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, लाटेकमध्ये (कोड लिहून मजकूर जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) लिहिणाऱ्यांना तेच बरं वाटतं.

झोटेरोच्या स्टोरेज फोल्डरमध्ये आठ अक्षरांच्या अगम्य नावाची फोल्डरं दिसतात, तिथे हाताने साफसफाई करायला जाऊ नये, फाइल उडते आणि नोंद तिला शोधत बसते. तो सगळा डेटा ड्रॉपबॉक्समध्येही ठेवू नये, डेटाबेस बिघडू शकतो. बॅकअप घ्यायचा तर प्रोग्राम बंद करून अख्खं डेटा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करायचं.